मागच्या सीटचं वजन

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्याची गाडी माझ्या अंगावर पडत होती. प्रेमाची सुरुवात याहून बरी असू शकते, पण माझ्या वाट्याला हीच आली.

दुपारची वेळ. मी वर्कशॉपच्या दारात हात पुसत उभी होते. लांबच्या प्रवासाची एक अवजड मोटरसायकल उतारावरून बिचकत बिचकत आली, दारासमोर थांबली आणि चालवणाऱ्यानं डावा पाय टेकायला खाली सोडला. खाली नेमका खड्डा. पाय पोचलाच नाही. गाडी कलली. मी धावले, हँडल धरलं, खांदा लावला. अडीचशे किलोचं धूड माझ्या खांद्यावर, आणि हेल्मेटच्या काचेमागे दोन घाबरलेले डोळे.

"सोडू नका हं," तो म्हणाला.

"माझा तसा काही विचार नाही. पण तुम्ही उतरलात तर बरं पडेल."

तो उतरला. दोघांनी मिळून गाडी सरळ केली. तेवढ्यात फुटपाथवरून एक बाई आल्या. पासष्टीच्या असाव्यात, अंगात मुलाचा ढगळ कोट आणि काखेत एक लाकडी स्टूल.

"हे स्टूल कशाला?" मी विचारलं.

"मला गाडीवर चढायला," त्या म्हणाल्या. "चढायला स्टूल, उतरायला स्टूल, आणि मध्ये चौकाचौकात हा असा कलतो. म्हणून शेवटी मी चालतच आले. शाळेत भूगोल शिकवतो माझा मुलगा, पण स्वतःचे पाय काही जमिनीला लागत नाहीत."

"आई..." तो कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना. माझं तिथंच काहीतरी बिनसलं असावं, असं आता वाटतं.

त्यांना गाडी दोन इंच बुटकी करून हवी होती. आईंचे वडील एका दीपगृहावर दिवा सांभाळत. बारा वर्षांच्या होईपर्यंत त्या तिथं वाढल्या, त्यानंतर बावन्न वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. सहाशे किलोमीटरचा रस्ता. बंद गाडीत बसलं की दहा मिनिटांत पोटातलं बाहेर, मग बस नको, मोटार नको. म्हणून लेकानं ही मोटरसायकल घेतली. घेतल्यावर कळलं की आईचा पाय तिच्यावरून पलीकडे जात नाही आणि लेकाचा खाली पोचत नाही.

"बुटकी करणं अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं. "मागची एक पट्टी बदलायची, पुढचे पाइप वर सरकवायचे, झालं. कुणीही करून देईल. मग पहिल्याच खड्ड्यात मावशींचा मणका डोक्यात जाईल."

"आणि तसं व्हायला नको असेल तर?"

"तर वेळ लागेल. गाडी खाली आणली म्हणजे चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरली. तेवढ्याच जागेत तोच धक्का जिरवायचा. म्हणजे धक्के झेलणारा शॉकअप आतून कापायचा, आणि स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाला नेमकी मापून घ्यायची. पाच-सात किलोंची चूक झाली तरी कंबर ओरडते."

मी दोघांचं वजन केलं. तो चौऱ्याहत्तर. मावशी एकसष्ट, कोटासकट.

"कोट काढा ना."

"का? जाताना घालूनच जाणार आहे मी. कोटाला पण धक्के नकोत."

मी एकसष्ट लिहून घेतले.

त्या दिवसापासून तो रोज शाळा सुटली की येऊ लागला. आधी मावशींना घेऊन, मग कधी एकटाच, वह्यांचा गठ्ठा घेऊन. माझ्या टेबलाच्या टोकाला बसून तपासायचा. मध्येच उठून बॅटरी धरायचा. पुष्कळ लोक बॅटरी धरतात आणि स्वतःला हवं तिथं उजेड पाडतात. हा माझे डोळे कुठं वळतात ते बघून तिथं पाडायचा. मी पाना उचलायच्या आधी माझ्या हातावर उजेड आलेला असायचा. मला इतकं नीट कुणी पाहावं, याची सवय नव्हती.

तो मला मिस्त्री म्हणू लागला, मी त्याला मास्तर.

"मिस्त्री, एवढं लक्ष माणसांकडे देतेस का गं कधी?"

"माणसांना नट नसतात, मास्तर. कुठं आवळायचं कळत नाही."

"आणि कुठं सैल सोडायचं?"

"ते तर त्याहून कळत नाही."

"मला तुम्ही-तुम्ही करणं तरी सैल सोड."

"गाडी ताब्यात दिल्यावर. तोवर तुम्ही गिऱ्हाईक."

तो हसला, आणि वहीवर नको तिथं लाल रेघ गेली. कुणा बिचाऱ्याचा बरोबर असलेला वाळवंटी प्रदेश त्या दिवशी चुकला.

तीन आठवड्यांत गाडी उभी राहिली. शॉकअप कापून जोडला, पुढचे पाइपही तेवढेच उतरवले, स्टँड आखूड केला, सीटचा फोम पोखरून मऊ थर भरला. मावशी आल्या, हँडलजवळ उभ्या लेकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टुलाशिवाय पाय पलीकडे टाकला. बसल्या त्या बसूनच राहिल्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. गाडी स्टँडवर उभी, आणि या डोळे मिटून मागच्या सीटवर.

"पोचलात का मावशी?" मी विचारलं.

"अर्धा रस्ता झाला," त्या म्हणाल्या.

मग मी माप घेतलं. दोघं बसल्यावर मागचं चाक किती दबतं, त्यावर सगळं ठरतं. माझ्या हिशेबानं त्रेचाळीस मिलीमीटर दबायला हवं होतं. एक्केचाळीसच दबलं. म्हणजे स्प्रिंग कडक झाली, रस्ता अंगाला लागणार. स्प्रिंग बनवणाऱ्यानं तार जाड घेतली असावी, असं मी ठरवून टाकलं.

या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काम केलेले माझे बाबा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. ते म्हणाले, "स्प्रिंगचे दोन आटे सैल कर आणि देऊन टाक. दहा मिनिटांचं काम."

"सैल केलं तर चालेल, बाबा. पण बरोबर होणार नाही."

"बरं," म्हणाले.

मी नवी स्प्रिंग मागवली. आठ दिवस गेले. ती बसवली, परत दोघांना बसवलं. पुन्हा दोन मिलीमीटर कमी. आता शंका शॉकअपवर. आत कुठं तरी घासत असेल. मी तो खोलायला घेतला.

"दोन आटे," बाबा कोपऱ्यातून म्हणाले.

"खोलून बघते ना एकदा."

"गाडी अडकलीय की तू?"

मी शॉकअप पहिल्याच दिवशी खोलून बघितला. आत काही घासत नव्हतं, सगळं आरशासारखं साफ होतं. तो लगेच परत जोडता आला असता. मी जोडला नाही. सुटे भाग कापडावर मांडून ठेवले. शॉकअप असा उघडा पडलेला असला की गाडी जाऊ शकत नाही, आणि गाडी जात नाही तोवर साडेपाचला दारात पावलं वाजतात. पावसानं ओले बूट, काखेत वह्या, आणि "काय मिस्त्री, सापडला का चोर?" असं विचारणारा तो. मी म्हणायचे, "शोधतेय." तो टेकायचा, आणि मी तासभर उगाच एकच बुश पुसत बसायचे.

आठवड्यानं जोडला, जोडावाच लागला. दोघं बसली. माप घेतलं. यावेळी आणखी दोन मिलीमीटर कमी.

तो चहा आणायला गेला होता. मावशी सीटवरच होत्या. मी चाकापाशी उकिडवी बसलेली, माप हातात. स्प्रिंग बरोबर होती. शॉकअप बरोबर होता. मी तो या हातांनी पुसला होता. मग उरलं काय? माझी नजर वर गेली. पायटेकणीवर मावशींचा बूट होता, आणि बुटात पाय सैल होता. आत दोन मोजे, एकावर एक. कोटाच्या बाहीतून मनगट बाहेर आलेलं. मी पाच आठवडे चाक बघत होते. त्यावर बसलेल्या माणसाला बघितलंच नव्हतं.

"मावशी, परत एकदा वजन करू या."

"नको."

"दोन मिनिटं लागतील."

"नको म्हटलं ना, पोरी. मला माहीत आहे किती आहे ते. एकोणपन्नास. परवा दवाखान्यात केलं."

मी उठून उभी राहिले. त्यांनी रस्त्याकडे बघून घेतलं, तो येत नाही याची खात्री केली.

"पोटात आहे. पसरलंय. डॉक्टर म्हणतात आजच भरती व्हा, औषधं सोसली तर कदाचित सहा महिने जास्त मिळतील. त्याला कळलं तर तो मला खाटेवर निजवेल, शेजारी बसून वह्या तपासेल. तो तसाच आहे. आणि मी छत बघत पडेन. मला दिवा बघायचाय गं. बाकी काही नको."

"त्यांना दिसत कसं नाही?"

"रोज बघणाऱ्याला दिसत नाही. त्यात गुडघ्यांसाठी वजन उतरवतेय म्हणून सांगितलंय. कौतुक करतो माझं."

"आणि पुढं कळेल तेव्हा?"

"तेव्हा मी नसेन. चिडेल. चिडू दे. गेलेल्या माणसावर फार दिवस चिडता येत नाही." त्यांनी माझा काळा, तेलकट हात धरला. "तू मात्र बोलू नकोस. ऐकशील ना माझं?"

मी मान हलवली. त्या क्षणी दुसरं काय करायला हवं होतं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. अजून नीटसं सापडलेलं नाही.

तो तीन कप घेऊन आला. मी म्हटलं, "मास्तर, गाडी झाली. उद्या सकाळी निघा."

"उद्या?" त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा बघून मला एरवी किती आनंद झाला असता. "इतक्यात? आणि चोर?"

"सापडला. माझंच माप चुकलं होतं."

मी खाली बसले आणि एकोणपन्नास किलोंच्या हिशेबानं स्प्रिंगचे चार आटे सैल केले. धक्का परतवणारा स्क्रूही जरा मोकळा केला, म्हणजे हाडांना कमी लागेल. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

"दहा मिनिटं?" तो हसत म्हणाला. "मग दोन आठवडे काय करत होतीस गं?"

मीही हसले. कोपऱ्यात बाबा हसले नाहीत.

सकाळी दोघं निघाली. मावशींनी लेकाच्या कमरेला हात घातले आणि गाल त्याच्या पाठीला टेकवला. त्यानं काच वर केली.

"परत आलो की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा."

"नाही. आधी आईचं होऊ दे."

पहिल्या संध्याकाळी फोन आला. वाटेत एका पुलावर थांबले होते. "आई म्हणते, पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय. मिस्त्रीला सांग म्हणाली." मी फोन ठेवला आणि खूप रडले.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. कमरेचे हात सैल पडले म्हणून त्यानं गाडी थांबवली, तर मावशींना मान सावरत नव्हती. जवळच्या गावात एक छोटं हॉस्पिटल होतं. दीपगृह तिथून चाळीस किलोमीटर.

"इथून समुद्र दिसत नाही, मिस्त्री," तो म्हणाला. "वारा आला की नुसता वास येतो. ती खिडकी उघडी ठेव म्हणते."

चार दिवसांनी मावशी गेल्या. त्या खिडकीतून त्यांना एक भिंत आणि एक पाण्याची टाकी दिसत होती, असं त्यानं मला सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली. तिथले डॉक्टर म्हणाले होते, या बाईंना तुम्ही दोन आठवडे आधी आणलं असतं तर हा प्रवास सहज झेपला असता.

"कुणालाच बोलली नाही गं ती," तो म्हणाला. "कुणालाच म्हणजे कुणालाच."

ही फोनवर सांगायची गोष्ट नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर हिंमत नव्हती.

पाच आठवड्यांनी तो आला. साडेपाचलाच. बाहेर भुरभुर चालू होती. गाल बसले होते, दाढी वाढली होती. गाडी दारात उभी केली, दोन्ही पाय नीट जमिनीवर टेकवून. बाबा उठले आणि आत गेले.

आम्ही बराच वेळ मावशींबद्दल बोललो. बंद मोटारीच्या वासानं त्या कशा तोंड वाकडं करायच्या, पुलावर उतरल्यावर कशा कठड्याला धरून गाणं गुणगुणल्या. तो हसलाही. मग म्हणाला, "तिकडच्या शाळेत जागा आहे. दीपगृहाच्या पायथ्याशी गाव आहे, तिथं. मी हो म्हणालोय."

"बरं केलंत."

"जाण्याआधी गाडी वजनाला लावून हवीय. मागच्या सीटवर किती वजन धरायचं ते मात्र तू सांग."

"कुणाचं?"

"तुझं."

मला सगळं ऐकू येईनासं झालं, पाऊससुद्धा. मी अठ्ठावीस वर्षांची, हात कोपरापर्यंत ग्रीसनं भरलेले, आणि ज्याच्या पावलांसाठी मी रोज घड्याळ बघितलं तो समोर उभा राहून मला माझं वजन विचारत होता. मला हो म्हणायचं होतं. त्याच्या पाठीला गाल लावून सहाशे किलोमीटर जायचं होतं. एक शब्द पुरे होता, आणि त्याला कधीच काही कळलं नसतं.

"मास्तर, मला माहीत होतं."

"काय?"

"मावशींचं. निघायच्या आदल्या दिवशी, तुम्ही चहा आणायला गेला होतात तेव्हा. चाक दबत नव्हतं ते त्यांचं वजन उतरलं म्हणून. त्या बोलू नकोस म्हणाल्या. मी बोलले नाही."

तो टेबलाला टेकला. हात दोनदा कपाळावरून फिरवला.

"तिनं सांगितलं म्हणून," तो हळूच म्हणाला. "तिच्यापुढं कुणाचंच चाललं नाही कधी. माझं तरी कुठं चाललं असतं... तू तरी काय करणार होतीस?" आणि त्यानं हात पुढं केला.

तो हात धरून मी तिथं थांबू शकले असते. त्यानं माफ केलंच होतं. पण मी धरला असता तर पुढची सगळी वर्षं मला त्याच्यामागे बसून एक गोष्ट लपवावी लागली असती. आई लपवते ते वेगळं. मला ते जमलं नसतं.

"अजून आहे," मी म्हटलं. "ते दोन आठवडे. पहिला आठवडा खरंच चूक होती, मला स्प्रिंगवर संशय आला. दुसऱ्या आठवड्यात... काही बिघडलेलं नव्हतं, मास्तर. पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला. मी शॉकअप मुद्दाम उघडा ठेवला."

"का?"

"गाडी गेली असती तर तुम्ही आला नसतात."

मी कुणाला याहून खरं असं काही कधी सांगितलेलं नाही. आणि ते प्रेमच होतं, दुसरं काही नव्हतं. तरी बोलल्यावर ते किती वाईट दिसलं...

त्याचा हात खाली गेला. तो दाराकडे चालत गेला, पावसाकडे तोंड करून तसाच उभा राहिला.

"गाडी नसती तरी मी आलो असतो, मिस्त्री," तो म्हणाला. "रोज आलो असतो. दीपगृहाहून परत आल्यावरसुद्धा. तू एकदा विचारायचं होतंस."

मी स्टुलावर बसले.

"मी रागावलो नाही," तो म्हणाला. "खरंच नाही. तू सांगितलंस, तुला सांगायची गरज नव्हती. पण आता तुझ्याकडे बघितलं की मला ते चाळीस किलोमीटर दिसतील. रोज सकाळी दिसतील. मी कितीही म्हटलं तरी." त्यानं गाडीकडे बोट केलं. "एकट्याच्या वजनावर लावून दे."

मी त्याला काट्यावर उभं केलं. अडुसष्ट. मग मी खाली बसले आणि काम केलं. इतकं मन लावून मी आजवर कुठलंच काम केलेलं नाही. मागचा ताण त्याच्या एकट्याच्या वजनाला आणला, पुढचे शॉकअप त्याच्याशी जुळवून घेतले, किनाऱ्याचा रस्ता खडबडीत असतो म्हणून धक्का परतवणारा स्क्रू अर्धा फेरा मोकळा ठेवला. त्यानं न सांगता बॅटरी धरली होती. उजेड मला हवा तिथंच पडत होता.

तो बसला, मी माप घेतलं. बरोबर आलं, पहिल्याच वेळी. त्यानं गाडी सुरू केली आणि माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर तो कदाचित उतरला असता. तसा तो मऊ मनाचा आहे. पण मी त्याला थांबा म्हणाले नाही. एकदा थांबवलं होतं.